पेडणेकरकाकांचा सामुराई

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले पेडणेकरकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी उलटी करून बघतात. अंधेरीच्या एका एक्स्पोर्ट कंपनीत त्यांनी आयुष्यभर तयार शर्ट तपासले. शर्टाची खोट आतून कळते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे कलिंगड, छत्री, प्लॅस्टिकचं स्टूल, सगळं आधी पालथं व्हायचं. मिक्सर घ्यायला त्यांना आठ महिने लागले. कोणी टोकलं की मालवणीत उत्तर ठरलेलं, "घाई कित्याक?" तोवर काकी पाट्यावर वाटत राहिल्या.

असे हे काका एका संध्याकाळी माझ्या दारात आले आणि विचारू लागले, "तो तलवारवाला जपानी गेम घेण्यासारखा आहे काय गो?"

मी घरून काम करते आणि काम संपलं की गेम खेळते. हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि बहुतेकांना पसंत नाही. माझं जुनं गेमचं मशीन मी काकांना लगेच देऊ केलं. प्रश्न उरला गेमचा. त्यात एका सामुराईने डोंगरदऱ्यांतून, गावांतून हवं तिकडे भटकायचं आणि शत्रू भेटला की कापायचा. झकास आहे, डोळे मिटून घ्या, असं मी सांगितलं. काकांनी पिशवीतून वही काढली.

पुढचे तीन आठवडे ते रोज साडेसहाला यायचे. गेमला लोकांनी घातलेल्या शिव्या त्यांनी आधी वाचल्या, कारण ती आतली बाजू. घोडा हळू चालवता येतो का? रक्त दिसणं बंद करता येतं का? कोणी अचानक ओरडत अंगावर येतं का? किंमत मात्र एकदाही विचारली नाही. माझ्या प्रत्येक उत्तराने त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. वही मिटायचे, परत उघडायचे, लिहिलेलं खोडायचे. एका खेळापायी या माणसाचं बीपी वाढणार, अशी मलाच धास्ती वाटू लागली.

शेवटी एक दिवस त्यांनी मला सामुराई ओढ्याकाठी नुसता उभा करायला लावला. मी केला. काहीच न करता आम्ही दोघं वीस मिनिटं टीव्हीकडे बघत बसलो. एकविसाव्या मिनिटाला झाडीतून एक दरोडेखोर धावत आला. मी सवयीने त्याला उभा चिरला. काका पांढरेफटक पडले आणि त्यांनी वहीत 'नापास' लिहिलं.

माझं डोकं फिरलं. सामुराईच्या गेममध्ये मारामारी नाही तर काय भजन असणार, तुम्हाला घ्यायचाच नाहीये, असं मी फाडकन बोलून गेले.

काका वहीची पानं चाळू लागले. मग सांगू लागले. काकींचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालतं, ते मला माहीत होतं. त्यांना जपानला जाऊन फुललेली चेरीची झाडं बघायची होती, ते माहीत नव्हतं. काका चार वर्षं टूरवाल्यांची माहितीपत्रकं उलटीपालटी करत बसले. मग काकींच्या किडन्या गेल्या आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं.

"तिला यातली झाडं तरी दाखवीन म्हटलं," काका म्हणाले. "पण मधेच कोणी तलवार घेऊन आला आणि ती घाबरली तर?"

मला माझीच लाज वाटली. मी म्हटलं, गेम घ्या आणि आधी माझ्याकडे द्या. त्यात चेरी फुललेला जेवढा भाग आहे तिथले सगळे शत्रू मी संपवून ठेवते. मग तुम्ही दोघं घोड्यावरून निवांत फिरा, वाटेत कोणी येणार नाही.

"किती दिवस लागतील?"

पंधरा तरी, मी म्हटलं. काकांनी मान डोलावली, वही पिशवीत टाकली आणि ते दारापर्यंत गेले. तिथे थांबले.

"जरा लवकर कर गो," ते म्हणाले. "आता घाई आसा."

मी दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.