मागं काय हाये?

परतूरला आमच्या शेजारी राहणारे अप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचे फोटो तपासतात. पाण्याचा तांब्या पुढे आलेला असतो, यजमान "बसा, बसा" म्हणत असतो. अप्पा उभेच. चष्मा कपाळावर चढवतात, फोटोला नाक लावतात आणि निकाल देतात, "चेहरा चांगला हाये. पण मागं काय हाये?"

मागे बहुधा विजेचा खांब असतो आणि तो नवरदेवाच्या फेट्यातून उगवलेला असतो. कधी दोरीवरचा टॉवेल, कधी उघड्या दारातून डोकावणारी शेळी. "फोटोग्राफरनं एक पाऊल डावीकडं सरकायचं होतं," अप्पा म्हणतात. "एका पावलासाठी पोरगं जन्मभर खांब घेऊन उभं हाये."

अप्पांची नोकरी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत झाली. गावोगाव जायचं, कंपनीचं वाण लावलेल्या शेतकऱ्याला त्याच्या कपाशीत उभं करायचं आणि पत्रकासाठी फोटो काढायचा. कपाशी मांडीला लागत असली तरी अप्पांच्या फोटोत ती छातीला लागे. शेतकऱ्याला सरीत उतरवत, गुडघे थोडे वाकवायला लावत आणि स्वतः उकिडवे बसून बटण दाबत. "खोटं बिलकुल न्हाई," ते आजही सांगतात. "माणूस खरा, कपाशी खरी. गुडघे फोटोत कुठं दिसून राह्यले?"

निवृत्तीनंतर कॅमेरा गेला, नजर राहिली. आमच्या चौकात एका गृहस्थांच्या तेरवीला श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. फोटो, अशा वेळी असतो तसाच, कुठल्याशा लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला. अप्पांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, "खांद्यावर हात कुणाचा हाये?"

सगळ्यांनी वर पाहिलं. चार बोटं होती आणि एका बोटात पोवळ्याची अंगठी. अंगठीवरून हात चुलतभावाचा निघाला. त्याच्याशी बांधावरून दावा चालू होता. जेवणाच्या पंगती बसायच्या आत फ्लेक्स उतरला. अप्पांचं नाव त्या घरात अजून आदराने निघतं. चुलतभावाच्या घरात निघत नाही.

त्यांचा सगळ्यात कडक नियम रिकाम्या खुर्चीचा. "फोटोत रिकामी खुर्ची दिसली की वाटतं, कोणी तरी रुसून उठून गेलंय." एका शिक्षकाच्या निरोप समारंभात त्यांनी ग्रुप फोटोच्या आधी अशी एक खुर्ची उचलायला लावली. पाहुणे हात धुवायला गेले होते. त्या फोटोत प्रमुख पाहुणे कडेला उभे आहेत. अप्पांच्या मते रचना बराबर आहे.

या माणसाला खऱ्या अर्थाने परीक्षक भेटला तो या वर्षी.

अप्पांची मुलगी वैशाली पुण्याला असते. तिच्या दुसऱ्या बाळंतपणाला शकुंतलाकाकू तिकडे गेल्या. लग्नानंतर काकू घराबाहेर इतक्या दिवसांसाठी पहिल्यांदाच गेल्या होत्या. जाताना त्यांनी बजावलं, "रोज एक फोटो पाठवायचा. आवाजावरून काही कळत न्हाई, आवाज तुमचा उपाशीपोटीही मोठाच असतो. अन् मला काळजी वाटली, तर मी त्याच दिवशी गाडीत बसन."

अप्पांना हेच नको होतं. मुलगी तिकडे एकटी, जावयाची नोकरी पाळ्यांची. काकू निघून आल्या तर तिचे हाल. म्हणून फोटो असा हवा होता, की माणसाचं उत्तम चाललेलं दिसावं. सेल्फी त्यांना मंजूर नाही. "नाक पुढं येतं अन् माणूस मागं पडतो." त्यामुळे बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला फोटो दारात घेतला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मागे निळी भिंत. अप्पांनी मला पाच-सहा वेळा सरकवलं. फोटो गेला. काकूंचा व्हॉइस मेसेज आला. अप्पांनी तो मला ऐकू यावा म्हणून मोठ्याने लावला.

"शर्ट चांगला हाये. मागं तुळस वाळून राह्यली. पाणी घालता का न्हाई?"

"तुळस पार कडेला होती," अप्पा पुटपुटले. "तिकडं नजर जायलाच नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंडी चौकटीबाहेर ठेवली. उत्तर आलं, "तुळस कुठं नेली?"

तिसरा फोटो स्वयंपाकघरात, हातात कपबशी. अप्पांना वाटलं, स्टीलच्या डब्यांची रांग मागे चांगली दिसेल. काकूंना डबे दिसले नाहीत. "तवा मी अडकवून गेल्ते तसाच खिळ्याला हाये. त्याच्यावर जाळं धरलंय. मंग भाकर कोण करून राह्यलं?"

करत कोणीच नव्हतं. अप्पा दोन्ही वेळा बसस्टँडसमोरच्या हॉटेलात जेवत होते आणि फोनवर भाजीची नावं सांगत होते.

मी त्यांना माझ्या मोबाईलमधली सोय दाखवली. चेहरा स्पष्ट राहतो, मागचं सगळं धूसर होतं. अप्पा हरखले. "आमच्या येळेला हे असतं तर शेळ्या हाकलायला माणूस लागला नसता!" धूसर फोटो पुण्याला गेला. मेसेज लगेच आला.

"मागचं काय पुसलंय? काय लपवून राह्यले?"

अप्पांनी फोन पालथा ठेवला. "भाऊ," ते म्हणाले, "कंपनीत ही बाई असती, तर एकाही वाणाची कपाशी कमरंच्या वर गेली नसती."

त्या दिवसापासून त्यांनी फोटो सुधारायचं सोडलं आणि घर सुधारायला घेतलं. तुळशीला पाणी सुरू झालं. तवा खाली उतरला. पहिल्या भाकरीच्या कडा मराठवाड्याच्या नकाशासारख्या होत्या. ती त्यांनी हातात धरून फोटो काढवला. काकूंनी फक्त हसण्याचा आवाज पाठवला. मागे बाळ रडत होतं.

मग एका संध्याकाळी अप्पांनी मला अंगणात बोलावलं. तिथे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असतात. एक अप्पांची, दुसरीवर फुलांच्या खोळीची उशी. त्या दोघांचा संध्याकाळचा चहा तिथे होतो. अप्पा आपल्या खुर्चीत बसले. तुळशीला नवे तुरे आले होते, ऊन उतरत होतं. मी सवयीने उशीची खुर्ची उचलायला वाकलो.

"राहू द्या ती," अप्पा म्हणाले.

"रिकामी आहे, अप्पा. तुमचा नियम."

"काढा तुम्ही फोटो."

ते उठले, खुर्ची आपल्याकडे जरा वळवली, उशी थोपटली आणि परत बसले. कॅमेऱ्याकडे नव्हे, खुर्चीकडे बघून. एरवी ते दहा सूचना देतात. त्या दिवशी एकही दिली नाही. "फोटो मला न दाखवताच पाठवा," म्हणाले.

रात्री उत्तर आलं नाही. सकाळी अप्पा कुंपणाशी उभे होते. मेसेज आला तेव्हा त्यांनी फोन पहिल्यांदाच कानाला लावला. संपल्यावर पुन्हा लावला. मग माझ्याकडे बघून, काय वाटलं कोण जाणे, मोठ्याने लावला.

"अहो, ती खोळ मळली. धुवा. अन् खुर्ची उन्हात ठेवू नका, तडकती." मग बाळाला थोपटल्याचा आवाज. "बाळ सव्वा महिन्याचं झालं की येते. तवर तिथंच ठेवा तिला, अशीच वळवून."

"काय म्हणाल्या काकू?" मी उगाच विचारलं.

"दोन चुका काढल्या," अप्पा समाधानाने म्हणाले. खोळ काढून त्यांनी खांद्यावर टाकली आणि दोन्ही खुर्च्या सावलीत ओढल्या, आधी ती, मग स्वतःची.