सुभेदारांचे मोबाइलावरोन घरात मत्सर पेटला, ती हकीकत

कुळदेवतेस नमस्कार करोन, ऐकणारांस स्वस्थ झोप लाभो ऐसे मागोन लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी, एके राज्यी सुभेदार दौलतराव सरहद्दीची चाकरी पुरी करोन घरी आले, आणि देह आला परंतु मन तेथेच राहिले. झोप नाही, बोलणे नाही. मग दवाखान्याचे वैद्यांनी तजवीज केली की, माजी शिपायास माजी शिपाईच जोडीदार द्यावा, आणि मोबाइलाने झोप व चालणे टिपावे, आणि मोबाइल फार वेळ हलला नाही तर जोडीदाराकडे इशारत वाजावी. जोडीदार नेमिले हवालदार शिदोजी, लढाईत एक पाय गमावलेले. ते रोज फोन करीत आणि सुभेदार त्यांशी मनसोक्त बोलत, हसतही! हे पाहोन सुभेदारांचे कुटुंब भागीरथीबाईसाहेब यांचे पित्त खवळले. बोलिल्या, "मी विचारलं की 'काही नाही'. त्या शिदोजीला बरं सगळं सांगता! संसार कोणाशी केलात?" आम्ही शेजारी, बाईसाहेबांचे हातची भाकरी खाल्लेले, सबब लिहितो की जळफळाट रास्त होता.

मग एके सकाळी बाईसाहेबांनी मोबाइलाची वाचा बंद करोन तो तांदळाचे डब्यात पुरिला. दुपारी दारी रिक्षा थांबली आणि शिदोजी कुबडीवर धापा टाकीत, सदरा उलटा घालोन आत आले. सुभेदार पलंगाखाली मोबाइल धुंडीत होते. त्यांस धडधाकट पाहताच हवालदार उंबऱ्यावर बसोन रडले. "उचलत नव्हतास रे. मला वाटलं, गेलास."

बाईसाहेब ओशाळल्या आणि मोबाइल काढोन पुढे ठेविला. मग पुसिले, "भावजी, तुमचा मोबाइल निपचित पडला तर कोण येतं?"

"कोणी नाही, वहिनी. जोडीदार अजून मिळायचाय."

"मग ती इशारत माझ्याकडे लावा."

वैद्य बोलिले, शिपाईच पाहिजे. बाई कडाडल्या, "इतकी वर्षं इथे जीव मुठीत धरून मी काय केलं मग?" वैद्यांनी इशारत बाईंकडे जोडोन दिली.

तेव्हापासोन बाईसाहेब रोज शिदोजींस झोप, जेवण पुसो लागल्या आणि खळखळोन हसो लागल्या. आता सुभेदारांचे पित्त खवळले. "त्याला बरं विचारतेस! मला विचार की."

"विचारलं तर सांगाल?"

"आज विचार."

बाईंनी फोन ठेविला आणि पुसिले. सुभेदार बोलिले, "झोप नाही लागली. डोळे मिटले की बर्फात राहिलेला आमचा पोरगेला शिपाई दिसतो." आणि पुढे सारे सांगितले. चहा निवला, कोणी उठले नाही.

एकूण वर्तमान ऐसे की, त्या घरातून मत्सर निघोन गेला. मुक्काम आता आमचे घरी आहे, कारण झोप लागली का, हे आम्हांस पुसणारे कोणी नाही.