बिनबाणाची शिकार

आमच्या वरच्या मजल्यावरचे बोरस्ते सर चालतात तेव्हा पावलांचा आवाज होत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना अचानक पाठीला काहीतरी जाणवतं. वळून बघावं तर दोन चादरींच्या मधे सर उभे. कधी आले, किती वेळ उभे आहेत, कळायला मार्ग नाही.

"सर, जरा खाकरत जा," मी म्हणते.

"वारा तुमच्याकडून माझ्याकडे होता, सुनंदाताई. तुम्हाला कळणार नव्हतंच."

त्यांच्या मते ही माफी असते.

सर शाळेत खेळ शिकवायचे, त्यातही तिरंदाजी. निवृत्त झाल्यावर शिकार करू लागले. घाबरायचं कारण नाही, त्या शिकारीत बाण नसतो. येवल्याच्या पुढे पडीक माळांवर काळविटं आहेत. सर हातात नुसतं धनुष्य घेऊन, पोटावर सरपटत, बसलेल्या काळविटाच्या इतकं जवळ जातात की बाण असता तर लागला असता. तिथून दोरी ओढायची, क्षणभर धरायची, हळूच सोडायची आणि तसंच मागे यायचं. काळवीट बसलेलं राहिलं पाहिजे. ते उठलं की शिकार फसली.

त्यामुळे 'उठवणं' हा सरांच्या लेखी मोठा गुन्हा. गेटवर डुलक्या काढणाऱ्या वॉचमनला न उठवता ते रोज बाहेर पडायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय काढला. "सर, उद्या चोरही असाच जाईल."

"नाही जाणार. चोर वारा बघत नाहीत," सर गंभीरपणे म्हणाले. मिनिटबुकात काय लिहायचं, यावर पुढची चर्चा झाली.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर माळावर न्यायला-आणायला त्याच गाडी चालवायच्या. त्या गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. माझं पडद्यांचं दुकान सोमवारी बंद असतं, आणि नाही म्हणायला गेलं तर सर जिन्यात मागे येऊन उभे राहतात.

त्या माळावर एक जुना नर होता. सर त्याला म्हातारा म्हणत. पूर्वी म्हातारा सरांना जवळ येऊ द्यायचा. मग माळ लोकांना माहीत झाला. रविवारी जीपगाड्या, कॅमेरे, मोटरसायकली यायला लागल्या, आणि दोन हिवाळे सर दिसण्याआधीच म्हातारा उठून चालू लागायचा. आता सरांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर रांगायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"एकदाच," सर गाडीत म्हणाले. "एकदा बसून राहू दे त्याला. मग माझं काही म्हणणं नाही."

थंडी सरत आली होती. निफाडच्या पुढे द्राक्षांच्या क्रेटचे ट्रॅक्टर लागले. माळाच्या तोंडाशी नेहमीचा वनरक्षक भेटला.

"सर, धनुष्य गाडीतच राहू द्या. साहेब आले तर मला लय ऐकावं लागंल."

"बाण कुठे आहे यात?"

"मला माहितीये, बाण नाय ते. साहेबाला कोण सांगंल?" मग त्याचा आवाज खाली आला. "काल पोरांनी कळपात मोटरसायकली घातल्या. दुपारभर पळवलं. आता गवत नाय, पाणी नाय. पळायला जीव कुठून आणायचा त्यांनी?"

आम्ही पुढे जाऊन बांधाशी थांबलो. कळप समोरच होता, पण एकही जनावर चरत नव्हतं. सगळी उभी होती आणि सगळ्यांची तोंडं आमच्या मागच्या रस्त्याकडे होती. कान ताठ. मी वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. धूळसुद्धा नव्हती. परत समोर बघितलं तरी ती तशीच बघत होती, माझ्या पलीकडे. मी पुन्हा वळले नाही.

म्हातारा कळपापासून लांब, बोरीच्या झुडपाला लागून बसला होता. पाय पोटाखाली घेतलेले, मान वर. पाठीवर एक कावळा.

सर धनुष्य घेऊनच आडवे झाले आणि निघाले. ढेकळांत त्यांचे कोपर तेवढे वरखाली होताना दिसत. बाण पोचेल एवढ्या अंतरावर ते थांबले. आता दोरी ओढतील म्हणून मी श्वास धरला. त्यांनी धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि तसेच पुढे सरकत राहिले. कावळा उडाला. म्हातारा उठला नाही. सर अगदी त्याच्या खांद्याशी पोचले आणि हळूच उठून बसले, तरी तो उठला नाही.

मग मला दिसलं. शिंगं बोरीच्या फांद्यांत अडकली होती, म्हणून मेल्यावरही मान वर होती.

मी गेले. वाकून, जवळजवळ रांगतच.

"कधी कळलं तुम्हाला?"

"बांधावरूनच. कान हलत नव्हता."

"मग चालत यायचं. गुडघे बघा काय झालेत."

"ही बाकीची उभी आहेत ना. चालत आलो असतो तर पळाली असती. कालची दमलीत." ते शर्टाच्या बाहीने म्हाताऱ्याच्या डोळ्यावरच्या माश्या उडवत होते.

मी वनरक्षकाला फोन लावला. माझा आवाज इतका बारीक निघाला की तो पुन्हा पुन्हा 'कोण, कोण' विचारत राहिला.

"ही, तुमची काकू, गेली त्या दिवशी," सर कळपाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, झोप लागलीये. रात्रभर खोकत होती बिचारी. म्हणून मी भांडं वाजू दिलं नाही. दुपारपर्यंत. तुम्ही खाली मिक्सर लावलात तेव्हा तुमचा फार राग आला होता मला."

मीही माश्या उडवायला लागले.

थोड्या वेळाने रस्त्यावर मोटरसायकलचा आवाज आला. कळपातले सगळे कान हलले. मी उभी राहिले आणि वनरक्षकाला दोन्ही हातांनी खूण केली: गाडी तिथेच बंद कर, आणि चालत ये.

त्याने बंद केली.