रानवाटाणा आणि न शिकलेली गाय

चारा संशोधन केंद्राला वरून हुकूम आला. रानवाटाणा हा दुर्लक्षित चारा वजनालाही भरपूर आणि पोषणालाही भरपूर आहे असे सिद्ध करा, नाहीतर केंद्राला कुलूप. केंद्र गेले तर केंद्रप्रमुखांची खुर्ची, बंगला आणि ‘साहेब’ ही हाक, सगळेच जाणार होते.

अडचण साधी होती. रानवाटाणा कोवळा कापला तर पोषण उत्तम, पण वजन मूठभर. जून होऊ दिला तर वजन ढीगभर, पण पोषण काटक्यांचे.

“मग मधेच कधीतरी कापा,” साहेबांची बायको म्हणाली.

“अगं, मधे सगळंच मध्यम येतं. मध्यम पिकाला कुत्रं विचारत नाही!”

शेवटी साहेबांनी तोड काढली. वजन जून देठांचे केले, पोषण कोवळ्या शेंड्यांचे तपासले आणि दोन्ही आकडे एका ओळीत शेजारी-शेजारी बसवले. वरचे लोक हरखले. तपासणी समिती जातीने आली. तोवर शेतात उरला होता तो फक्त जून रानवाटाणा. तोच गाईपुढे टाकला. गाईने हुंगले, फुर्र केले आणि पाठ फिरवली.

“ही काय भानगड?” समितीचे अध्यक्ष गरजले.

“अध्यक्षमहाराज, गाय अप्रशिक्षित आहे,” केंद्रप्रमुख म्हणाले.

मग गाईचे प्रशिक्षण सुरू झाले. गोठ्यात आलेख टांगले, व्याख्यान झाले, आभारप्रदर्शनही झाले. त्या गडबडीत गाईने एक आलेख खाल्ला.

“निष्कर्ष तिने पचवला,” अध्यक्षांनी शेरा मारला. केंद्र वाचले. पुढच्या वर्षी दसपट पेरणीचा आदेश निघाला.

आता गोदामे भरली. जनावरे तोंड लावेनात. साहेबांनी सगळा माल दळून आणला, बारीक हिरवी पूड केली आणि देखण्या डब्यांत भरली.

“अहो, जनावर खात नाही ते माणूस खाईल?”

“जनावराला खाऊन बघावं लागतं. माणसाला नुसतं वाचून पटतं.”

पटलेच. आज दुकानात डबा मिळत नाही. सकाळी अनशापोटी, कोमट पाण्यातून, नाक दाबून तुम्हीही घेताच. आणि कोणी विचारलेच तर अंगात काय तरतरी आलीय म्हणून सांगता. शेजाऱ्यालाही एक डबा घ्यायला लावलात ना?