पांढऱ्या पातेल्यातली बोर्दो

सगळ्या खान्देशात फ्रेंच वाइन पारखणारा माणूस त्या काळी एकच होता, आणि तो म्हणजे मी! दुसरं कुणी पुढे आलंच नव्हतं, त्यामुळे माझं स्थान एकदम पक्कं होतं.

माझं शिक्षण कुठं झालं विचाराल, तर पुण्याला, एका दातांच्या दवाखान्यात. माझा नंबर यायला उशीर होता आणि टेबलावर एकच इंग्रजी मासिक होतं. त्यात वाइन कशी चाखावी यावर चार पानी लेख होता. तो मी दोनदा वाचला. पेला फिरवायचा, नाक खुपसून वास घ्यायचा, घोट तोंडात खळखळवायचा आणि थुंकून टाकायचा. गिळायचा नाही! मग आत डॉक्टरांनीही मला तासभर चूळ भरून थुंकायलाच लावलं. थोडक्यात, थिअरी आणि प्रॅक्टिकल एकाच दिवशी उरकलं. शिवाय मी मूळचा पहूरचा. लहानपणी चिंचोके लांब थुंकण्यात माझा हात, म्हणजे माझं तोंड, कुणी धरत नसे.

हे ज्ञान कामी येण्याचा योग आला ब्याण्णवच्या उन्हाळ्यात. मी जळगावात मोतीलालशेठच्या डाळमिलमध्ये खरेदी खात्यात होतो. शेठनी फ्रान्सहून डाळीतले काळे दाणे वेचणारं मशीन मागवलं होतं. ते शिकायला मिलमधल्या एका माणसाला दोन महिने फ्रान्सला पाठवायचं ठरलं होतं. त्या एका जागेसाठी उमेदवार दोन, मी आणि अकाउंटचा चुडामण. चुडामणला माझ्यापेक्षा इंग्रजी बरं येत होतं. पण मी गल्लीत सगळ्यांना सांगून मोकळा झालो होतो. नुसतं सांगितलं नव्हतं, सूटही शिवून घेतला होता! आता फ्रान्स हुकलं असतं तर आमच्या मेहरूण भागातून मान वर करून चालायची सोय राहिली नसती.

मशीन बसवून द्यायला कंपनीचे साहेब, मस्यू दुबोआ, स्वतः यायचे होते. माणूस मोठा हौशी. त्यांनी मुंबईच्या एजंटामार्फत सहा बाटल्या पुढे पाठवल्या. तीन तांबड्या, तीन पांढऱ्या. सोबत निरोप असा की, तुमच्याकडच्या जेवणाला कोणती शोभेल ती एक तांबडी आणि एक पांढरी तुमच्याच माणसानं चाखून निवडावी. बाकीच्या मशीन बसवणारांना द्याव्यात.

मोतीलालशेठ कांदासुद्धा खात नसत. ते त्या खोक्यापासून चार हात लांब उभे राहिले.

"आधारभाऊ, हे आपल्यातलं कोणाला समजतं का?"

"मला समजतं शेठ!" मी म्हणालो. चुडामणनं तोंड उघडायच्या आत म्हणालो.

"मग हे इथून हलवा. इथं लक्ष्मीचा फोटो आहे. पाहुण्यासमोर आपली शोभा झाली नाही, तर फ्रान्सचं तुमचंच समजा."

बघा! नुसतं थुंकायचं आणि फ्रान्सला जायचं. इतकं सोपं काम सरकारी खात्यातही मिळत नाही.

आता खोकं घरी न्यायचं म्हणजे प्रमिलाच्या नजरेतून सुटायला हवं होतं. प्रमिला म्हणजे आमची सौभाग्यवती. तिचे वडील वनानाना, धुळ्याला देवपुरात राहतात. ते दारूबंदीचे जुने कार्यकर्ते. हातभट्टीची मडकी त्यांनी स्वतःच्या काठीनं फोडलेली. मुलीचं लग्न ठरवताना त्यांनी माझ्या पगाराची चौकशी नंतर केली, आधी माझ्या तोंडाचा वास घेतला!

पण नशीब माझ्या बाजूनं होतं, कारण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली होती. आखाजीला खान्देशातली लेक सासरी थांबत नाही. आमचे मेहुणे मुराळी म्हणून आले आणि प्रमिलाला घेऊन धुळ्याला गेले. तिकडे लेकी झोके घेणार, गाणी म्हणणार, सांजोऱ्या खाणार. इकडे घरात मी आणि सहा बाटल्या. एस.टी. दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवला आणि थेट घरी येऊन कामाला लागलो.

लेखात लिहिलं होतं, पांढरी वाइन गार करावी. ती मी माठात सोडली. तांबडी मात्र खोलीच्या तापमानाला ठेवावी, असं होतं. मी ती खोलीत ठेवली. आता लेखकाची खोली कुठं असेल ती असो, माझी खोली जळगावात होती, वर पत्रे होते आणि महिना मे होता! आखाजीच्या दुपारी बाटलीला हात लावला तर चटका बसला. पण लिहिलंय म्हणजे लिहिलंय. शास्त्रापुढे आपण कोण!

रंग नीट दिसावा म्हणून भांडं पांढरं घ्यावं, असंही लिहिलं होतं. मी एनॅमलचं मोठं पांढरं पातेलं घेतलं आणि मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीला पाट मांडून बसलो. तिथल्या तिथे धुऊन टाकता येईल, हा हिशेब.

पहिली तांबडी, लेबलावर नाव बोर्दो. पेला फिरवला, वास घेतला, घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं! उकळलेल्या जांभळात कुणीतरी जुनी चप्पल बुडवावी तशी चव. खळखळवली आणि पातेल्यात थुंकली. दुसरी घेतली. तीही जांभूळच, चप्पल मात्र दुसऱ्या पायाची. तिसरी तोंडात होती तेवढ्यात वरून आवाज आला.

"काय हो आधारभाऊ, बरं नाही का?"

शेजारच्या रुक्माअक्का! भर दुपारी गच्चीवर कुरडया उलटायला आल्या होत्या. आता तोंडात ऐवज असताना उत्तर कसं देणार? मी हातानंच 'काही नाही' अशी खूण केली. त्यांना ती 'संपलं सगळं' अशी दिसली असावी. गरम वाइन गालात धरून माझा चेहरा लाल झाला होता, डोळे वाहत होते. शेवटी राहवेना, मी पातेल्यात थुंकलो. पांढऱ्या पातेल्यात लालभडक!

वर पाहिलं तर अक्का गायब. मला वाटलं, कुरडया उलटून झाल्या असतील.

मी निश्चिंतपणे पांढऱ्या वाइनकडे वळलो. त्या तिन्हींना माठाच्या मातीचा वास लागला होता. खरं सांगतो, सहापैकी एकीतही मला फरक कळला नाही! शेवटी जिच्या लेबलावर वाड्याचं चित्र मोठं होतं ती तांबडी निवडली आणि जिचं बूच सहज निघालं ती पांढरी. निवड झाली. सहाही बाटल्यांची बुचं पुन्हा दाबून बसवली, त्या खाटेखाली ढकलल्या, पातेलंही घाईनं तिथंच सारलं आणि मस्त झोपलो.

तिकडे रुक्माअक्का एस.टी.डी.च्या दुकानात पोचल्या होत्या. नानांच्या घरी फोन नव्हता, निरोप शेजारच्या औषधाच्या दुकानात दिला. अक्का म्हणाल्या होत्या, "थुंकी लाल दिसली." दुकानदारानं पुढे सांगितलं, "रक्त पडलं." झोक्यावर बसलेल्या प्रमिलापर्यंत ते पोचलं तेव्हा पातेलंभर झालं होतं. आणि गंमत अशी की त्यातलं पातेलं तेवढं खरं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. प्रमिला रडत उतरली. मागून नाना, काठीसकट. आखाजीची लेक दुसऱ्याच दिवशी परत सासरी आली, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

"काय व्हयनं जवाई?"

"काही नाही हो नाना, मी ठणठणीत आहे!"

"सगळे पेशंट असंच म्हणतात," अक्का म्हणाल्या. "मी या डोळ्यांनी पाहिलं. तीन वेळा पडलं!"

"कंपनीपायी हिंडून हिंडून छाती पोखरली यांची," प्रमिला हुंदके देत म्हणाली, "आणि मी तिकडे झोके घेत बसले!"

तिचं रडणं पाहून मला खरोखर भरून आलं. सांगून टाकावं असं ओठांवर आलं. पण नाना समोर बसले होते आणि काठी त्यांच्या मांडीवर होती. माझी अवस्था पाहा! रक्त नव्हतं म्हणावं, तर मग लाल काय होतं ते सांगावं लागणार. दारू म्हणावं, तर नाना काठी उचलणार. रक्त म्हणावं, तर क्षयाच्या माणसाला फ्रान्सला कोण पाठवणार? एकीकडे बेवडा, एकीकडे पेशंट. मी थोडा वेळ पेशंट राहायचं ठरवलं. म्हटलं, दुपारी यांचा डोळा लागला की गुपचूप मिलमध्ये सटकू.

पण डोळा कुणाचाच लागेना! मला खाटेवर झोपवलं, वर गोधडी घातली. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन! मला घाम फुटला.

"ताप उतरून राहिला," नाना म्हणाले. "घाबरू नका जवाई, आम्ही बठ्ठा शेतस!"

ते बठ्ठे, म्हणजे सगळे, तिथं होते हीच तर अडचण होती.

संध्याकाळी दारात शेठची अँबेसेडर उभी राहिली. चुडामण आमच्याच मागच्या गल्लीत राहतो. त्यानं मिलमध्ये बातमी अतिशय दुःखी चेहऱ्यानं पोचवली होती. मोतीलालशेठ तोंडाला रुमाल लावून उंबऱ्यातच थांबले. त्यांच्यामागे चुडामण. आणि त्या दोघांना बाजूला सारून, उंचेपुरे, उन्हानं टोमॅटोसारखे झालेले मस्यू दुबोआ आत आले. ते सकाळीच जळगावात पोचले होते आणि आपल्या बाटल्या निवडणारा माणूस आजारी पडला, हे ऐकून स्वतः भेटायला आले होते!

"आधारभाऊ, आराम करा," शेठ रुमालातून म्हणाले. "फ्रान्सचं मनातून काढून टाका. चुडामण जाईल."

संपलं!

दुबोआसाहेब माझ्याजवळ बसायला स्टूल शोधत खाली वाकले आणि वाकलेलेच राहिले. खाटेखाली हात घालून त्यांनी एक बाटली काढली. मग दुसरी. मग ते पांढरं पातेलं. पातेल्याच्या तळाला लाल थर वाळला होता. त्यांनी त्याचा वास घेतला आणि "आहा!" असं केवढ्यानं तरी ओरडले. मग त्यांनी पाणी प्यायचा पेला उचलला, त्यात वाड्याच्या चित्राची तांबडी ओतली, गरगर फिरवली, नाक खुपसलं, घोट घेऊन खळखळवला. क्षणभर त्यांचे डोळे विस्फारले आणि त्यांनी पातेल्यात पचकन लाल थुंकलं! रीत म्हणून थुंकले की चटका बसला म्हणून, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

"अगंबाई!" रुक्माअक्का किंचाळल्या. "यालाही लागण झाली!"

शेठ उंबऱ्यावरून ओट्यावर गेले. चुडामण ओट्यावरून रस्त्यावर. मी मात्र गोधडी फेकून उठलो. आता लपवायला काही उरलंच नव्हतं!

"रक्त नाही हो! दारू आहे, फ्रेंच दारू! चाखायची आणि थुंकायची असते. कंपनीचं काम होतं!"

नाना सावकाश उठले. काठी हातात. पातेल्यात डोकावले, मग माझ्याकडे पाहिलं.

"बठ्ठी थुकी टाकी?"

"बठ्ठी, नाना!"

"पोटमा गयी नही?"

"थेंबसुद्धा नाही!"

शेवटच्या पांढरीचे दोन घोट माठाच्या गारव्यानं आपोआप खाली उतरले होते. पण त्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

नाना काठी टेकवून खाली बसले. "मंग दोष नही," म्हणाले. उलट त्यांची छाती फुगली. जन्मभर त्यांनी लोकांची दारू फोडली होती. घरात एकटा असताना सहा बाटल्या स्वतःहून थुंकून टाकणारा माणूस मात्र त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता, आणि तो त्यांचा जावई निघाला!

ओट्यावरून शेठनी रुमाल काढला. "कोणी बघायला नाही, माल फुकटचा, तरी गिळला नाही! असाच माणूस परदेशात पाठवायला पाहिजे. आधारभाऊ, तुमचंच फ्रान्स!"

दुबोआसाहेबांनी माझा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. चुडामण रस्त्यावर होता तिथंच राहिला. मी कोपऱ्यात टांगलेल्या सुटाकडे पाहिलं. डोळे भरून आले, या वेळी वाइननं नव्हे.

सगळे पांगल्यावर प्रमिला देवासमोर दिवा लावून आली. चेहरा कसा उजळलेला!

"एकवीरामाता पावली हो! निरोप आला तशी मी अनवाणी देवळात धावले. नवस बोलले, यांना खडखडीत बरं कर, सव्वा वर्ष दर मंगळवारी जोडीनं तुझ्या पायाशी येईन, एकही खाडा करणार नाही."

"धुळ्याला?"

"एकवीरा धुळ्यालाच आहे ना?"

"अगं, पण मी आजारी नव्हतोच!"

"तेच म्हणते मी!" प्रमिला हात जोडून म्हणाली. "किती लवकर पावली बघा!"

मी नानांकडे आशेनं पाहिलं. नाना म्हणाले, फ्रान्सपायी मंगळवार बुडवता येणार नाहीत, देवीशी खोटं चालत नाही. मी शेठकडे गेलो. शेठ स्वतः नवसानं झालेले. त्यांनी माझ्यासमोरच चुडामणला बोलावून घेतलं.

तर चुडामण फ्रान्सला गेला. माझा सूट त्याला अगदी मापात बसला. मी सव्वा वर्ष दर मंगळवारी जळगाव-धुळे एस.टी.त, खिडकीजवळ, मांडीवर नारळ घेऊन बसत होतो. दोन महिन्यांनी सूट परत आला, धुऊन, इस्त्री करून. उलगडून पाहिला तर कॉलरपासून खिशापर्यंत लाल ओघळ! डाग अजून गेलेला नाही. मी तेव्हाच म्हणत होतो, ते काम चुडामणला जमणार नाही. त्याला नीट थुंकता येत नाही!