सेलेस्तेचे तीन धर्मपिते

चोवीस डिसेंबरला, म्हणजे इकडच्या ऐन उन्हाळ्यात, सकाळी क्रेसेन्सिओमामाने आपल्या छोट्या ट्रकची किल्ली देर्लिसच्या हातावर ठेवली. "महिनाभर वापर. बायकापोरींना घेऊन हिंड सगळीकडे. माझं काय, मी म्हातारा माणूस, घरात बसून कलिंगड खाईन."

"मामा, हे उपकार फेडू कसे मी?" देर्लिसच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

"फेडायचं काय त्यात? तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे ना? मला धर्मपिता कर, झालं."

दुसरा कोणी असता तर 'घरी विचारून सांगतो' म्हणाला असता. पण देर्लिसला नाही म्हणता येत नसे. दुकानदाराने एक नंबर लहान बूट पायात कोंबले तरी 'छान बसले' म्हणून लंगडत घरी येणारा माणूस तो. भीड भिकेची बहीण म्हणतात. देर्लिसच्या घरी ती कायमची मुक्कामाला होती.

"तुम्ही नाही तर कोण, मामा!" तो म्हणाला.

ट्रक एन्कार्नासिओनच्या रस्त्याला लागल्यावर त्याने ही बातमी बायकोला सांगितली. नीदियाच्या मांडीवर पाच महिन्यांची सेलेस्ते झोपली होती आणि मध्ये पाच वर्षांची हास्मीन चिपाचा पाव कुरतडत होती. चीजचा वास गाडीभर पसरला होता.

"अरे, आपण अजून बोललोसुद्धा नव्हतो यावर," नीदिया म्हणाली.

"ट्रक दिलाय गं त्यांनी."

"उद्या कोणी विमान दिलं तर मला देऊन टाकशील का?" मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग, तुला मनातून कोण हवा होता?"

देर्लिस लाल मातीच्या कडांकडे बघत गाडी चालवत राहिला. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्याला ब्लास हवा होता, त्याचा थोरला भाऊ. पण ब्लास गावातल्या फुटबॉल सामन्यांचा पंच होता, आणि तीन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, त्याने सख्ख्या धाकट्या भावाविरुद्ध पेनल्टी दिली होती. देर्लिसचा संघ हरला. तेव्हाही देर्लिस काही वाद घालत बसला नव्हता. त्याने नुसतं बोलणं टाकलं. ब्लासनेही टाकलं. आता गावी गेलं की एक भाऊ रस्त्याच्या या बाजूने चालायचा आणि दुसरा त्या बाजूने, आणि मध्ये त्यांची आई तेओफिला दोघांना आळीपाळीने चिपा पुरवत बसायची.

पहिली तारीख उजाडली ती नीदियाच्या माहेरी. भर दुपारी आंब्याच्या झाडाखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं, कोळशावर मांस भाजत होतं, आणि उन्हाने कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून पडल्या होत्या. नीदियाच्या थोरल्या भावाने, आर्सेनिओने, बाळाला उचललं. हा सहा फुटी गडी, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, अजून लग्न न झालेला. बाळ त्याच्या मिशीकडे बघून खुदकन हसलं आणि गडी विरघळला.

"बघा, बघा! ओळखलं तिने!" सासरे ग्लास उंच धरून उठले. "काय जावईबापू, धर्मपिता आमचा आर्सेनिओच ना?"

टेबलाभोवतीचे सतरा ग्लास वर गेले आणि हवेतच थांबले. नीदियाने टेबलाखालून त्याला जोरात लाथ मारली. लाथेचा अर्थ 'गप्प बस' असा होता. देर्लिसला वाटलं, 'हो म्हण, माझ्या माहेरचा मान आहे.'

"मग काय! दुसरं कोण?" तो म्हणाला.

"दाजी!" आर्सेनिओने त्याला मिठी मारली ती अशी की देर्लिसच्या बरगड्या दोन दिवस दुखत होत्या.

"लाथ कशासाठी होती?" त्याने नंतर विचारलं.

"तुझ्या अकलेसाठी," नीदिया म्हणाली. "आता बसा दोन धर्मपित्यांमध्ये. चर्चला एकच चालतो, माहितीय ना?"

माहीत होतं, म्हणून तर झोप उडाली होती. धर्मपिता म्हणजे काही मेणबत्ती धरून फोटो काढून घेणारा पाहुणा नव्हे. मुलाचा बाप आणि धर्मपिता जन्मभराचे कोंपाद्रे होतात, एकमेकांना त्याच नावाने हाक मारतात, आणि कोंपाद्रेशी भांडणं म्हणजे देवाशी भांडणं. शब्द देऊन तो फिरवला, तर मामा पुन्हा उंबरठा चढू देणार नव्हता आणि नीदियाचं माहेर तुटणार होतं. एक भाऊ आधीच गेलेला. देर्लिसला आता आणखी कोणी गमवायचं नव्हतं, आणि नेमकी हीच भीती त्याला खड्ड्यातून खड्ड्यात नेत होती.

बाळ येशूसाठी भेटी आणणाऱ्या तीन राजांच्या सणासाठी ते आदल्या दिवशीच गावी, आईकडे पोचले. हास्मीनने त्या संध्याकाळी राजांच्या उंटांसाठी बुटांशेजारी गवत आणि पाणी ठेवलं, सकाळी बाहुली मिळाली, सगळं यथासांग झालं. आईने धर्मपित्याबद्दल चकार शब्द काढला नाही. धर्ममाता ती स्वतः होणार, हे तिने बाळ जन्मायच्या आधीच जाहीर करून टाकलं होतं. फक्त चिपाचं पीठ मळताना ती एकदा म्हणाली, "समोर सख्खा काका राहतो पोरीचा. रोज कुंपणावरून बघतो तिला."

देर्लिसने तेरेरेचा, गार पाल्याच्या चहाचा, मोठा घोट घेतला. बर्फाचं पाणी होतं, तरी त्याला घाम फुटला.

शुक्रवारी दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना तो हळूच निघाला आणि चर्चच्या मागे राहणाऱ्या एलिहियोकाकांकडे गेला. गेली चाळीस वर्षं बाप्तिस्म्याच्या वहीत नावं लिहिणारा हा माणूस. दोन धर्मपिते लिहिण्याची काही पळवाट असेल, तर ती त्यांनाच ठाऊक असणार.

"काका, तुमच्याकडे एक नाजूक काम घेऊन आलोय. सेलेस्तेच्या धर्मपित्याविषयी..." त्याला पुढचं वाक्य जुळेना. "म्हणजे मी तर हातच जोडतो तुमच्यापुढे. तुमच्याशिवाय कोणी नाही मला."

म्हातारा आरामखुर्चीतून उठला.

"चाळीस वर्षं, पोरा," तो म्हणाला. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहितोय. एका माणसाने म्हटलं नाही, की एलिहियो, तू हो. तू पहिला."

"नाही म्हणजे, काका, मी..."

"काही बोलू नकोस. मला कळलं." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मेणबत्ती मी स्वतः आणीन."

देर्लिस आगीतून फुफाट्यात पडून परतला, तेव्हा घरात सामसूम होती. नीदिया पंख्याखाली गाढ झोपली होती. हास्मीन तेवढी अंगणात बाहुलीला आंघोळ घालत बसली होती.

"आजीने सेलेस्तेला पण आंघोळ घातली," ती म्हणाली. "नुसत्या डोक्याला. आणि ब्लासकाकाने धरलं होतं तिला."

"हो का, बाळा," देर्लिस म्हणाला. त्याच्या कानात काही शिरतच नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे तीन माणसं आणि एक मेणबत्ती एवढंच नाचत होतं.

शनिवारी तीन खोकी येऊन पडली. बाळाचा पांढरा पोशाख धर्मपित्याने द्यायचा, ही रीत. मामाच्या खोक्यात झालरीचा झगा, आर्सेनिओच्या खोक्यात साटिनचा झगा, आणि एलिहियोकाकांच्या खोक्यात त्यांच्या आजीच्या काळातला विणलेला झगा निघाला. त्याला कापराचा वास येत होता.

नीदिया खाटेवर बसली. "एक ना धड, भाराभर चिंध्या. आता?"

"तिन्ही घालू या," देर्लिस म्हणाला. "एकावर एक."

"चाळीस अंशात? पोर उकडून काढायचीय का?" तिने बराच वेळ विचार केला. "मामांचा झगा. दादाच्या झग्याची ओढणी काढते, ती डोक्याला. आणि काकांच्या झग्याबरोबर आलेले मोजे. ज्याला त्याला आपलंच दिसेल. पुढचं तू बघ. उद्या सकाळी तोंड उघड आणि खरं सांग. उघडशील ना?"

"हो," देर्लिस म्हणाला. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं, पण ते देर्लिसकडून मिळालं होतं, म्हणून तिला त्याचा काही भरवसा वाटला नाही.

रविवारी दहा वाजता, चर्चच्या दारात, तिघे तीन दिशांनी आले. तिघांच्या अंगावर काळे कोट, तिघांच्या हातात फीत बांधलेली मेणबत्ती.

"आई, राजे परत आले!" हास्मीन ओरडली.

मामाने आर्सेनिओच्या मेणबत्तीकडे पाहिलं. आर्सेनिओने एलिहियोकाकांच्या मेणबत्तीकडे पाहिलं. काकांनी देर्लिसकडे पाहिलं. देर्लिस चर्चच्या छपराकडे बघत होता.

"हे काय आहे?" मामाने विचारलं.

"मी धर्मपिता आहे," आर्सेनिओ म्हणाला. "पहिल्या तारखेला सतरा माणसांसमोर ठरलंय."

"माझं चोवीसला ठरलंय! ट्रक कोणाच्या बापाचा आहे?"

"आणि माझ्याकडे तर तो हात जोडून आला होता," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक होता की देर्लिसला त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटली.

"देर्लिस, बोल!" तिघे एकदम म्हणाले.

"बोल," नीदियाही म्हणाली.

देर्लिसने तोंड उघडलं. तो काहीतरी म्हणालासुद्धा, पण तेवढ्यात मामाने मेणबत्ती उगारली होती, आर्सेनिओने कोटाच्या बाह्या वर सारल्या होत्या, आणि चर्चमधली बायामाणसं बाहेर येऊन गोल करून उभी राहिली होती. सेलेस्तेने भोकाड पसरलं. देर्लिसला वाटलं, आपल्या उन्हाळ्याबरोबर आपलं घरदारही इथेच संपलं.

इतक्यात कर्कश शिट्टी वाजली.

या शिट्टीला गावात गेली पंधरा वर्षं सगळे दबकून होते. मामाची मेणबत्ती खाली आली. गोल दुभंगला आणि ब्लास आत आला, रविवारचा सदरा घालून, शिट्टी अजून तोंडात. त्याने फक्त हात लांब करून चर्चच्या दाराकडे बोट दाखवलं. दारात तेओफिला पाद्र्याशी बोलत उभी होती.

"फादर, एक सांगायचं राहिलं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पोरीचा बाप्तिस्मा झालाय. परवा दुपारी. जिवाला धोका वाटला, म्हणून मीच पाणी घातलं डोक्यावर."

"पाणी कसलं होतं?" पाद्र्याने विचारलं.

"विहिरीचं. स्वच्छ."

"आणि शब्द?"

"साठ वर्षं ऐकतेय, फादर. चुकीन का?"

पाद्र्याने मान डोलावली. "जिवावर बेतलं तर कोणीही पाणी घातलेलं चालतं. मग बाप्तिस्मा झाला. दुसऱ्यांदा करता येत नाही. मी फक्त तेल लावून आशीर्वाद देईन आणि वहीत नोंद होईल. धर्ममाता?"

"मी."

"धर्मपिता?"

"घरात तेव्हा हा एकच पुरुष सापडला." तिने ब्लासकडे बोट केलं. "कुंपणापलीकडे उभा होता."

"आई," नीदियाने तिच्या कानाशी विचारलं, "सेलेस्तेला ताप कधी आला होता?"

"उचकी लागली होती."

"उचकी?"

"उचकीने माणसं जातात, बाई," तेओफिला म्हणाली आणि तिघा काळ्या कोटांकडे वळली. "तुम्ही का उभे आहात सुतकी चेहरे करून? पोरीला मोठं व्हायचंय ना? क्रेसेन्सिओ, ती जाणती झाली की कन्फर्मेशनच्या विधीला तू उभा राहा. आर्सेनिओ, तू लग्नात."

"आणि मी?" एलिहियोकाकांनी विचारलं.

"तू पुढच्या बाळाचा."

"आई!" नीदिया म्हणाली. पण काकांच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं ते बघून तिलाही हसू आवरेना.

वहीत नाव काकांनीच लिहिलं. 'धर्मपिता' या शब्दापुढे त्यांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात 'ब्लास' लिहिलं आणि हलकेच फुंकर मारून शाई वाळवली.

दुपारी तेओफिलाच्या अंगणात मातीच्या भट्टीतून मांस निघालं, मामा आणि आर्सेनिओ तिसऱ्या ग्लासानंतर गळ्यात गळे घालून बसले, आणि दोघे भाऊ आंब्याखाली एकमेकांसमोर उभे राहिले. तीन वर्षांत इतक्या जवळून त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. ब्लासच्या कानशिलाचे केस पांढरे झाले होते. भावाची आठवण किती येत होती, हे त्याला तिथे, त्या पांढऱ्या केसांकडे बघताना कळलं.

"कोंपाद्रे," तो म्हणाला.

"कोंपाद्रे," ब्लास म्हणाला. त्याने तेरेरे भरून भावापुढे धरलं. देर्लिसने घेतलं, प्यायलं, परत दिलं. आई भट्टीजवळून डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होती.

"आता एवढं झालंच आहे," ब्लास म्हणाला, "तर एक मान्य करून टाक. ती पेनल्टी होती."

नीदियाने बाळाला खांद्यावर घेतलं आणि वाट बघितली. नवऱ्याचं उत्तर तिला पाठ होतं.

"नाही," देर्लिस म्हणाला.