बावीस कलमं आणि एक शटर

"दुकान उघडायचीसुद्धा एक पद्धत असते," असं मी बायकोला म्हणालो, आणि तिनं ते ऐकून घेतलं. तिनं नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

भाईंदर पश्चिमेला, बाजाराच्या गल्लीत आमचं मॅचिंग सेंटर आहे. आमचं म्हणजे सत्यवतीचं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हुक. दुकानात गुलाबी रंगाचेच एकोणीस प्रकार आहेत आणि ते सगळे तिला अंधारातसुद्धा ओळखू येतात. मला एकूण सहा रंग येतात. (त्यातला एक करडा आहे, पण त्याबद्दल मी आग्रही नाही.) म्हणून निवृत्तीनंतर मी दुकानात बसायला लागलो तेव्हा चौथ्याच दिवशी तिनं मला घरी बसवलं. एका बाईला मी डाळिंबी साडीवर विटकरी अस्तर दिलं होतं आणि वर "लांबून कळत नाही" असंही सांगितलं होतं.

तर सत्यवती दुकान कसं उघडते? दोन कुलुपं काढते, शटरला हात लावून नमस्कार करते, एका झटक्यात ते वर ढकलते, उंबऱ्यावर पाणी शिंपडते, अगरबत्ती लावते. संपलं. चार मिनिटं! आत वायर जळली असेल, छत गळलं असेल, रॅक कलला असेल, काही बघणं नाही. मी चौतीस वर्षं एका कंपनीत ॲडमिनला होतो. सेफ्टीची फाईल माझ्याकडे होती. (फाईल म्हणजे फाईलच. सेफ्टी दुसऱ्याकडे होती.) मला हे बघवत नसे.

उत्तनला तिच्या भावानं, राघोनं, नवी बोट घेतली होती. बोटीची पूजा शुक्रवारी सकाळी होती. मोठ्या बहिणीनं नारळ वाढवल्याशिवाय राघो बोट पाण्यात ढकलणार नव्हता. आणि नेमकी त्याच दिवशी सकाळी दहाला डोंगरीहून नीलम येणार होती. नीलमचं रविवारी लग्न. घरातल्या बायकांच्या बारा साड्या, बारा ब्लाउज, आणि शिंपी मशीनला दोरा ओवून बसलेला.

"दहाला शटर उघडं पायजे," सत्यवती म्हणाली. "न्हायतर ती समोरच्याकडं जाईल. तो टपूनच हाय. पूजा आटपली की मी साडेदहापर्यंत पोचते. तोवर तुमी फक्त उघडून बसा. कापड दाखवू नका. रंगाबद्दल बोलू नका. पाणी विचारा आणि हसा."

"आणि नीट उघडलं तर?"

"तर काय?"

"तर दुसरी किल्ली करून देशील?"

खरं सांगतो, मला ती किल्ली फार हवी होती. निवृत्त माणसाला सकाळी कुठंतरी जायचं असावं लागतं. नऊ वाजले की आमच्या सोसायटीतले सगळे पुरुष खिसे चाचपत बाहेर पडतात आणि मी गॅलरीत उभा राहून त्यांच्याकडे बघत चहा पितो. तो चहा गोड लागत नाही.

"बघू," ती म्हणाली. आमच्या घरात याला होकार म्हणतात.

गुरुवारी मी बसून 'दुकान सुरक्षितपणे उघडण्याची कार्यपद्धती' तयार केली. बावीस कलमं झाली. प्रत्येकापुढे टिक करायला चौकोन, खाली सही आणि हुद्दा. (हुद्द्याच्या जागी बराच विचार करून मी 'पती' असं लिहिलं.)

शुक्रवारी सत्यवती पहाटेच्या बसनं उत्तनला गेली आणि मी बरोबर नऊला दुकानाशी हजर झालो. कलम एक : वाहन दुकानासमोर लावू नये, आग लागल्यास बंबाला अडथळा होतो. स्कूटर मागच्या गल्लीत लावली. कलम दोन : मोबाईल जवळ बाळगू नये, लक्ष विचलित होतं. मोबाईल डिकीत ठेवला. कलम तीन : शटर डोक्यावर पडण्याचा धोका. हेल्मेट काढलं नाही. कलम चार : रात्रभर कोंडलेल्या कापडाचे तंतू फुप्फुसात जातात. मास्क लावला. कलम पाच : काढलेली कुलुपं बाहेर ठेवू नयेत, कोणी बदलून दुसरी लावतं. कुलुपं खिशात टाकली. कलम सहा : आत शिरताच शटर परत खाली ओढावं आणि सगळी तपासणी झाल्यावरच दुकान खुलं करावं. ओढलं. कलम सात : दिव्याचं बटण दाबण्याआधी जळका वास येतो का ते बघावं, तोवर टॉर्च वापरावा.

मी टॉर्च लावला आणि हुंगायला लागलो. मास्कमधून वास येत नाही हे कलम लिहिताना लक्षात आलं नव्हतं. म्हणून मी जास्त जवळून हुंगत होतो. काउंटरखाली, रॅकमागे, गठ्ठ्यांच्या फटीत.

दुकानात कॅमेरा आहे. बंद दुकानात काही हललं की सत्यवतीच्या मोबाईलवर घंटा वाजते. ती तिकडे किनाऱ्यावर, हातात नारळ घेऊन, बोटीसमोर उभी. घंटा वाजली. तिनं बघितलं तर काळोखात एक हेल्मेटवाला, तोंड बांधलेला माणूस टॉर्च घेऊन तिच्या काउंटरखाली डोकं घालून बसलेला. तिनं मला फोन केला. फोन डिकीत वाजत राहिला. वाजले होते सव्वानऊ, आणि मी कुठंही वेळेआधी पोचेन ही शक्यता तिच्या डोक्यातसुद्धा आली नाही. तिनं दुसरा फोन केला तो शेजारच्या फरसाणवाल्या हसमुखभाईंना.

हसमुखभाई फाफडे तळता तळता उठले. बघतात तर शटर खाली आणि दोन्ही कुलुपं गायब! त्यांनी आपल्या गोडाऊनचं कुलूप आणलं आणि कडीला ठोकून दिलं. (नंतर ते मला म्हणाले की या गडबडीत त्यांचे फाफडे करपले. माझी तेरा कलमं राहिली. पण माझं कोणी विचारत नाही.)

मी त्या वेळी कलम नऊवर होतो : मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करून बघावा. बंद केला, तेवढ्यात शटरवर धाडकन आवाज झाला. मी दचकलो. टॉर्च हातातून उडाला आणि अस्तराच्या ताग्यांमागे जाऊन विझला. मिट्ट काळोख. मेन स्विच कुठं होता ते मी पंधरा सेकंदांपूर्वी सांगू शकलो असतो. आता माझ्या हाताला फक्त लेसची रिळं लागत होती.

तिकडे सत्यवतीच्या मोबाईलवरचं चित्र गेलं. "हसमुखभाई, त्यानं लाईट कापली!" ती ओरडली. राघो म्हणे कोयता घेऊन रिक्षाकडे धावला. भटजींनी त्याला परत आणलं.

"कोण आहे बाहेर?" मी शटर वाजवलं.

"तू कोण छे अंदर?" हसमुखभाई गरजले.

"मी कमळाकर!"

बाहेर कुजबुज झाली. मग कोणीतरी म्हणालं, "बोर्ड वाचून आलाय. वर लिहिलंय ना, प्रोप्रायटर सौभाग्यवती सत्यवती कमळाकर."

"एकदम शातिर चोर छे," हसमुखभाई म्हणाले.

"अहो हसमुखभाई, मी! आवाज ओळखा!"

"आवाज डब्यातून आल्यासारखा येतोय. कमळाकरभाईचा आवाज तर पातळ आहे."

तेव्हा मला आठवलं की मी अजून हेल्मेटमध्येच आहे. काढलं. पण एकदा चोर ठरलेल्या माणसाचा आवाज बदलला की लोक जास्तच घाबरतात. बाहेर गर्दी वाढत होती. भाजीवाल्या आनंदीमावशी कोणाला तरी सांगत होत्या, "दोघं हायत आत. एक जाड्या आवाजाचा, एक बारीक."

आणि मग मला ऐकू आलं, "आई, हेच ना गं दुकान? दहा तर वाजले." नीलम! डोंगरीची नवरी, आई आणि मावशीसकट, साड्यांची पिशवी घेऊन. समोरचा दुकानदार लगेच म्हणाला, "ताई, इकडे या, आमच्याकडे पण बारा शेड रेडी आहेत." बारा ब्लाउज गेले, किल्ली गेली, आणि आता उरलेला सगळा जन्म गॅलरीतला चहा. मी शटरशी तोंड नेऊन ओरडलो, "हसमुखभाई, हिला फोन लावा! सत्यवतीला लावा! मला काय वाटेल ते विचारा!"

फोन लागला. हसमुखभाईंनी स्पीकर चालू करून मोबाईल शटरच्या फटीशी धरला. मागून ढोल वाजत होता.

"माझ्या भावाचं नाव काय?" सत्यवतीनं विचारलं.

"राघो!"

"ते सगळ्या बाजाराला ठाव हाय. काल रात्री आपण काय जेवलो?"

"बोंबील!"

"अहो, ते तर आम्ही पण जेवलो," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

तिकडे ढोल थांबला. (ढोलवाले ऐकत होते, हे मला नंतर कळलं.) मग सत्यवतीनं विचारलं, "आज घरातून निघताना मी कुठल्या रंगाची साडी नेसले होते?"

सगळा बाजार शटरला कान लावून उभा राहिला. मी काळोखात डोळे मिटले. पहाट आठवली. दार आठवलं, पिशवी आठवली, "गॅस बंद करा" आठवलं. साडी होती हे नक्की. मी माझ्या सहा रंगांपैकी जो सगळ्यात भरवशाचा, तो निवडला.

"निळी."

पलीकडून एक लांब सुस्कारा ऐकू आला.

"हसमुखभाई, शटर उघडा. त्येच हायत."

"पण बेन, जवाब बरोबर आहे का?"

"केशरी नेसलेय मी. भडक केशरी. काठाला जर हाय."

"मग तर पक्का चोर छे ना?"

"चोर असता तर त्यानं नीट बघितलं असतं," सत्यवती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

शटर वर गेलं. समोर शंभरेक माणसं, पुढे झारा घेतलेले हसमुखभाई, आणि मी. एका हातात हेल्मेट, गळ्यात लेस, मास्क कपाळावर. नीलम समोरच्या दुकानात गेली नव्हती. कशी जाईल? तिला चोर बघायचा होता. मला बघून तिचा चेहरा पडला. "हे चोर आहेत?" मावशीनं विचारलं, आणि तिघी काहीशा नाराजीनंच आत येऊन बसल्या. मी पाणी विचारलं आणि हसलो. आनंदीमावशी दुसऱ्या चोराची वाट बघत आणखी दहा मिनिटं उभ्या होत्या.

साडेदहाला सत्यवती रिक्षातून उतरली. साडी केशरी होती खरी. तिनं अर्ध्या तासात बाराच्या बारा रंग जुळवले, नवरीच्या ओटीत खोबरं घातलं, आणि माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझा बावीस कलमी कागद तिला काउंटरखाली सापडला. तिनं तो शांतपणे शेवटपर्यंत वाचला, हुद्द्यापाशी जरा थांबली आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. मला वाटलं, आता किल्ली विसरावी.

पण सोमवारी ती खरोखरच दुसरी किल्ली करून घेऊन आली. मला भरून आलं. मी हात पुढे केला. तिनं ती हसमुखभाईंच्या हातात ठेवली.

"मी नसेन तेव्हा शटर तुमी उघडायचं, हसमुखभाई."

"आणि मी?" मी विचारलं.

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "तुमी समोर उभं ऱ्हा," ती म्हणाली. "रोज सव्वानऊला. आजूबाजूला नजर ठेवा. कोणी संशयास्पद दिसलं तर मला सांगा. ते पण सेफ्टीचंच काम हाय."

मला पटलं. तेव्हापासून मी रोज नऊला खिसे चाचपत सोसायटीतून बाहेर पडतो आणि समोरच्या फुटपाथवर, विजेच्या खांबाआड, दिसणार नाही असा उभा राहतो. आठ दिवसांत संशयास्पद असं कोणीही आढळलं नाही. नवव्या दिवशी मात्र समोरच्या दुकानदारानं सत्यवतीला फोन केला. एक माणूस आठवडाभर रोज सकाळी खांबामागून तुमच्या शटरवर डोळा ठेवून असतो, म्हणाला, पोलिसांना कळवू का?

"शर्टाचं बटण एक सोडून लावलंय का?" सत्यवतीनं विचारलं.

"हो."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "घरचाच हाय."